यंत्रविद्या आणि कारभारविद्या



व्यवस्थापनशास्त्र म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पेढी, जमाखर्च आणि विक्री या गोष्टी उभ्या राहतात. परंतु विद्यापीठांतून शिकविल्या जाणाऱ्या या शास्त्राचा एक मोठा ओघ पेढीवरून आलेला नाही, कारखान्यातून आलेला आहे; आणि तो आणला अभियंत्यांनी. त्यांनी तो का आणला आणि पुढे त्याचे काय झाले, एवढाच आजच्या विवेचनाचा विषय आहे.

१८८६ साली अमेरिकेतील यंत्र-अभियंत्यांच्या संस्थेपुढे हेन्री टाउन यांनी एक निबंध वाचला. टाउन हे कुलुपे तयार करणाऱ्या एका मोठ्या कारखान्याचे प्रमुख. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, कारखान्याचा कारभार हा यंत्ररचनेइतकाच महत्त्वाचा विषय आहे. पण यंत्ररचनेवर ग्रंथ आहेत, सभा आहेत, आणि कारभारावर मात्र काहीच नाही. हे ज्ञान जमविण्याचे काम अभियंत्यानेच अंगावर घेतले पाहिजे, कारण यंत्र कसे चालते आणि ते चालविण्यास किती खर्च येतो, या दोन्ही गोष्टी एकत्र दिसतात त्या त्यालाच. पुढे फ्रेडरिक टेलर यांनी हातात घड्याळ घेऊन कामगाराच्या प्रत्येक हालचालीचा वेळ मोजला आणि १९११ साली आपली तत्त्वे ग्रंथरूपाने मांडली. कामगारांना ती जाचक वाटली, आणि त्यात त्यांचे सर्वस्वी चुकत होते असे नाही. पण कारभार हा मोजमापाचा आणि अभ्यासाचा विषय होऊ शकतो, हे मात्र त्यातून ठरून गेले.

विद्यापीठांनी ही हाक लवकरच ऐकली. १९१४ साली बॉस्टनजवळच्या मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेने, म्हणजे एमआयटीने, आपला पंधरावा अभ्यासक्रम सुरू केला. त्याचे नाव होते ‘अभियांत्रिकी प्रशासन’. विद्यार्थ्याने यंत्रशास्त्र सोडावयाचे नव्हते. ते शिकत असतानाच अर्थशास्त्र, हिशेब आणि व्यापारी कायदा शिकावयाचा होता. दोन विद्या एका डोक्यात नांदाव्यात, हीच त्यामागची कल्पना.

आता या रोपट्याचे पुढे काय झाले ते पाहा. जनरल मोटर्सचे सूत्रधार आल्फ्रेड स्लोन हे १८९५ साली याच संस्थेतून विद्युत्-अभियांत्रिकीची पदवी घेऊन बाहेर पडलेले. त्यांच्या नावाच्या प्रतिष्ठानाने दिलेल्या देणगीतून १९५२ साली तेथे स्वतंत्र विद्यालय उभे राहिले, ‘औद्योगिक व्यवस्थापन विद्यालय’. १९६४ साली त्याचे नाव ‘स्लोन व्यवस्थापन विद्यालय’ असे झाले. म्हणजे पन्नास वर्षांत नावातून प्रथम ‘अभियांत्रिकी’ गेली, मग ‘उद्योग’ गेला, आणि उरले ते निव्वळ व्यवस्थापन. पाटी बदलली म्हणून विद्या बदलतेच असे नव्हे. पण पाटी निदान वाऱ्याची दिशा सांगते.

या दिशेचा धोका कोठे आहे, हे सांगणारी एक घटना घडून गेली आहे. २७ जानेवारी १९८६ च्या रात्री ‘चॅलेंजर’ अंतराळयानाच्या उड्डाणाविषयी दूरध्वनीवर सल्लामसलत चालू होती. इंधनाच्या नळकांड्यांचे सांधे बंद ठेवणारी रबरी कडी थंडीत ताठरतात. सुमारे १२ अंश सेल्सिअसहून कमी तापमानात उड्डाण करू नये, असे ती नळकांडी बनविणाऱ्या कंपनीचे अभियंते सांगत होते. नासाच्या अधिकाऱ्यांना हा सल्ला रुचला नाही. तेव्हा कंपनीच्या वरिष्ठांनी अभियांत्रिकी विभागाच्या प्रमुखाला सांगितले की, आता अभियंत्याची टोपी उतरवून व्यवस्थापकाची टोपी घाला. त्याने ती घातली, सल्ला फिरला. दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यानाच्या ठिकऱ्या झाल्या आणि सात माणसे प्राणांस मुकली. हे पाप कोणत्याही अभ्यासक्रमाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. पण एकाच माणसाच्या डोक्यावर दोन वेगळ्या टोप्या असतात आणि एक घालताना दुसरी उतरवावी लागते, ही समजूत मात्र त्या रात्री उघडी पडली. टाउन यांनी सांगितले होते ते नेमके याच्या उलट.

अमेरिकेतील विद्यापीठांनाही फाटलेले पुन्हा शिवण्याची गरज भासली. १९८८ साली एमआयटीतील अभियांत्रिकी आणि व्यवस्थापन या दोन विद्यालयांनी मिळून कारखानदारीचा एक संयुक्त अभ्यासक्रम काढला. त्यात विद्यार्थ्याला दोन्ही पदव्या घ्याव्या लागतात.

आपल्याकडची कथा वेगळ्या जागी सुरू होते. पुण्यात १८५४ साली अभियांत्रिकीचे शिक्षण सुरू झाले ते सार्वजनिक बांधकाम खात्याला दुय्यम अधिकारी मिळावेत म्हणून. निर्णय वरून यावयाचा आणि आपण तो पार पाडावयाचा. मग कारभार शिकवावा कोणाला? स्वातंत्र्यानंतर हे चित्र पालटले. १९६१ साली कलकत्ता आणि अहमदाबाद येथे व्यवस्थापन संस्था निघाल्या. पैकी कलकत्त्याच्या संस्थेला एमआयटीच्या विद्यालयाचे साहाय्य होते. १९६३ साली मुंबईत पवईला आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या मदतीने औद्योगिक अभियांत्रिकीच्या प्रशिक्षणाची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तीच पुढे ‘निटी’ म्हणून ओळखली गेली. २०२३ साली तिचे रूपांतर ‘भारतीय व्यवस्थापन संस्था, मुंबई’ असे झाले. येथेही पाटीवरून तोच शब्द उतरला.

अभियांत्रिकीची पदवी घेऊन व्यवस्थापनाकडे वळणाऱ्या तरुणांना मी दोष देत नाही. मान आणि वेतन जिकडे, तिकडे माणूस जाणारच. प्रश्न त्यांना शिकविणाऱ्या संस्थांचा आहे. कारभार शिकविताना यंत्राची ओळख विसरावयास लावणारा अभ्यासक्रम, आणि थंड रात्री रबरी कड्याविषयी कारकुनाने नव्हे तर जाणकाराने विचारावा तसा प्रश्न विचारावयास लावणारा अभ्यासक्रम, यांतला फरक पदवीच्या कागदावर दिसत नाही. तो पुलावर, गिरणीत आणि धरणाच्या भिंतीवर दिसतो. आणि तेथे त्याची किंमत जे मोजतात, ते बहुधा त्या वर्गात कधी बसलेले नसतात.