इंग्लंड की ब्रिटन?

'शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला ब्रिटिश वकील हजर होता,' असं एखादं वाक्य तुमच्याही वाचनात आलं असेल. त्यात वावगं काही वाटत नाही. पण १६७४ साली नजराणा घेऊन रायगडावर आलेला हेन्री ऑक्झिंडेन हा इंग्रज होता, ब्रिटनचा वकील नव्हे. ब्रिटन नावाचं राज्यच तेव्हा जगात नव्हतं!

ब्रिटन हे मुळात एका बेटाचं नाव. त्यावर इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंड असे तीन देश. वेल्स सोळाव्या शतकातच इंग्लंडला जोडला गेला. स्कॉटलंड मात्र स्वतंत्र राज्य होतं. १६०० साली ईस्ट इंडिया कंपनीला सनद दिली ती इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीने. तिच्यामागून १६०३ मध्ये स्कॉटलंडचाच राजा इंग्लंडच्या गादीवर बसला. राजा एक झाला, पण पार्लमेंटं निराळी आणि खजिनेही निराळे. पुढे स्कॉटलंडने स्वतःची व्यापारी कंपनी काढून पनामाजवळ डॅरिएन इथे वसाहत करून पाहिली. रोगराईने ती १७०० साली मोडली आणि देशाचा पुष्कळ पैसा बुडाला. अखेर १ मे १७०७ रोजी दोन्ही राज्यं मिळून 'ग्रेट ब्रिटन' झालं. आपल्याकडे औरंगजेब वारला, तेच हे वर्ष.

मग कंपनीच्या नोकरीत स्कॉटिश माणसांची रीघ लागली. पेशवाईच्या अखेरीस पुण्यात रेसिडेंट असलेला एल्फिन्स्टन, त्याच्यामागून मुंबईचा गव्हर्नर झालेला माल्कम, १८२६ साली मराठ्यांचा इतिहास छापणारा ग्रँट डफ, हे तिघेही स्कॉटिश. आपण तिघांनाही 'इंग्रज' करून टाकलं!

आता कुणी म्हणेल, राज्य त्यांचं, जाच तोच. मग हा काथ्याकूट कशाला? पण १८ सप्टेंबर २०१४ रोजी स्कॉटलंडमध्ये कौल घेतला, तेव्हा शंभरांतल्या सुमारे पंचेचाळीस मतदारांनी ब्रिटनमधून वेगळं व्हायचं म्हटलं. ज्यांचा तो देश, त्यांना हा फरक एवढा मोलाचा वाटतो.

तेव्हा एक खूणगाठ बांधून ठेवा: १७०७ पूर्वीचं राज्य इंग्लंडचं, नंतरचं ब्रिटनचं. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात इंग्रज, वलंदेज, फरासीस असे टोपीकर वेगवेगळे ओळखलेले आहेत. ज्याच्याशी गाठ आहे तो नेमका कोण, हे पाहण्याची ती नजर आपण का सोडावी?