हिंगणघाटची कबर आणि पृथ्वीचा फुगवटा

ठाण्याच्या नौपाड्यात स्वस्थ उभा असलेला माणूसही पृथ्वीच्या परिवलनामुळे ताशी सुमारे १,५८० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे जात असतो. विषुववृत्तावर हा वेग सुमारे १,६७०, ध्रुवांवर शून्य. याच परिवलनामुळे पृथ्वी मध्यावर फुगली आणि ध्रुवांशी दबली. दोन्ही त्रिज्यांत सुमारे २१ किलोमीटरचे अंतर पडले. हा फुगवटा मोजण्यात आयुष्य घालवलेल्या एका माणसाची कबर वर्धा जिल्ह्यात आहे.

पृथ्वीची घनता सर्वत्र सारखी मानून न्यूटनने १६८७ मध्ये चपटेपणा १/२३० सांगितला. फ्रान्समधील कासिनीपंथीयांना मात्र ती ध्रुवांकडे लांबट वाटे. लॅपलँड आणि पेरूला गेलेल्या फ्रेंच मोहिमांनी न्यूटनची बाजू खरी ठरवली. नेमका आकडा अद्याप हवा होता.

विल्यम लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजली. कंपनीला नव्याने जिंकलेल्या मुलखाचे नकाशे हवे होते. लॅम्बटनचे लक्ष पृथ्वीच्या आकाराकडे होते. अक्षांशाचा एक अंश विषुववृत्ताजवळ सुमारे ११०.६ किलोमीटर भरतो, ध्रुवाजवळ १११.७. एवढ्याशा फरकासाठी अर्ध्या टनाचा थिओडोलाइट डोंगरांवर आणि देवळांवर चढवला जाई. १८०८ मध्ये सरफोजीराजांच्या तंजावरात, मोठ्या मंदिरावर चढवताना, तो भिंतीवर आदळला. लॅम्बटनने सुमारे सहा आठवडे खपून तो स्वतः दुरुस्त केला. ही हकिकत इतिहासात नोंदली गेली. ते ओझे वाहणाऱ्या खलाशांची नावे मात्र क्वचितच कुठे सापडतात.

हैदराबादहून नागपूरकडे निघालेला लॅम्बटन २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला वारला. त्याचा सहायक जॉर्ज एव्हरेस्ट याने काम पुढे नेले आणि १८३० मध्ये चपटेपणा सुमारे १/३०१ ठरवला. आजचा आकडा १/२९८ आहे. भारताचे नकाशे त्यानंतर दीर्घकाळ एव्हरेस्टच्याच लंबगोलावर काढले जात.

पण न्यूटनच्या १/२३० पेक्षा हा फुगवटा कमी का? फ्रेंच गणिती क्लेरो याने १७४३ मध्येच दाखवले होते की चपटेपणा आतल्या वजनाच्या वाटणीवर अवलंबून असतो. जड द्रव्य केंद्राशी एकवटले असेल, तर परिवलनाने बाहेर ढकलले जाणारे बाहेरचे थर हलके राहतात आणि फुगवटा घटतो. म्हणजे भूपृष्ठावर साखळ्या पसरून मोजलेल्या अंतरांत पृथ्वीच्या पोटातील जड गाभ्याची खूण दडलेली होती. तो गाभा भूकंपलहरींवरून ओळखला रिचर्ड ओल्डहॅमने, १९०६ मध्ये. तोही भारतात नोकरी केलेला भूवैज्ञानिक.