झिजलेल्या नाण्यांवरील सन व घरगुती अम्लें

जालना जिल्ह्यांतील कुंभार पिंपळगाव येथें एका घरीं जपून ठेवलेलीं कांहीं जुनीं नाणीं आमच्या पाहण्यांत आलीं. त्यांतील तांब्याचीं नाणीं लख्ख लाल झालीं होतीं. सन वाचतां यावा म्हणून तीं चिंच व मीठ लावून घांसलेलीं होतीं. सन एकाहि नाण्यावर उमटला नव्हता. उलट पूर्वीं दिसणारीं अक्षरेंहि पुसट झालीं होतीं. मालकांस दोष देण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. विद्यार्थिदशेंत आम्हींहि एक ढब्बू रात्रभर लिंबाच्या रसांत ठेवून असाच बिघडविला आहे. यास्तव या उपायाचा विचार करणें अवश्य वाटतें.

पहिला प्रश्न असा कीं, सन नाण्यावर मुळांत होता काय? शिवराईच्या एका बाजूस ‘श्री राजा शिव’ व दुसरीस ‘छत्रपति’ एवढाच लेख असतो. बहुसंख्य शिवरायांवर सन कोरलेलाच नाहीं. हातानें पाडलेल्या मोगली व आसफजाही नाण्यांत ठसा चकतीहून मोठा असल्यामुळें सनाचे आंकडे पुष्कळदां चकतीबाहेरच राहत. जें चकतीवर पडलेंच नाहीं, तें कोणतें अम्ल परत आणणार?

सन खरोखर झिजला असेल तेथेंच रसायनाचा विचार संभवतो. ठशाच्या दाबानें अक्षराखालील धातूची घडण बदलते, आणि अक्षर झिजलें तरी हा बदल कांहीं खोलीपर्यंत टिकतो. तीव्र द्रव तो भाग व भोंवतालचा भाग कमीअधिक वेगानें खातो, म्हणून अक्षराची छाया दिसूं लागते. अमेरिकेंत १९१३ ते १९३८ या काळांत पाडलेल्या, गव्याचें चित्र असलेल्या पांच सेंटांच्या नाण्यांवर फेरिक क्लोराईडनें असाच सन दिसतो. परंतु पृष्ठभाग कायमचा खरबरीत होतो व संग्राहक तें नाणें बिघडलेलें समजतात. चिंच, लिंबू, शिरका यांत तेवढी शक्ति नाहीं. तीं तांब्यावरील गंजाचा थर मात्र काढतात, आणि अक्षराची शेवटची खूण पुष्कळदां त्या थरांतच उरलेली असते. रुप्यावर तर त्यांचा परिणाम जवळजवळ होतच नाहीं.

याहून खात्रीचीं साधनें नाण्यावरच असतात. औरंगजेबाच्या रुपयावर एका बाजूस हिजरी सन व दुसरीस जुलूस, म्हणजे राज्यवर्ष असतें. खुजिस्ता बुनियाद, म्हणजे तेव्हांचें औरंगाबाद, येथील टांकसाळीच्या रुपयावर हिजरी सन गेला, पण जुलूस ३० राहिला, तर तो १०९७ किंवा १०९८ चा, म्हणजे इ. स. १६८६-८७ मधील ठरतो; एकंस्थानचा आंकडा राहिला असल्यास दोहोंतील निवडहि होते. हा प्रदेश १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानांत असल्यामुळें येथें चारमिनार छापाचे हाली रुपयेहि आढळतात. त्यांचा सन गेला असल्यास कमानींतील अक्षर पाहावें: ‘मीम’ असल्यास रुपया महबूब अली खान (१८६९-१९११) यांचा व ‘ऐन’ असल्यास त्यांचे पुत्र उस्मान अली खान यांचा होय.

तेव्हां आमची विनंति इतकीच कीं, नाणें हातीं येतांच घांसूं नये. अंधाऱ्या खोलींत एका बाजूनें तिरपा दिवा धरून तें हळूहळू फिरवावें व चारी दिशांनीं छायाचित्र घ्यावें. दिवसां न दिसणारा आंकडा पुष्कळदां असा हातीं लागतो. जमिनींत सांपडलेलें द्रव्य दहा रुपयांहून अधिक मोलाचें असल्यास १८७८ च्या निखात निधि कायद्याप्रमाणें जिल्हाधिकाऱ्यांस कळविणें बंधनकारक आहे, हेंहि विसरूं नये. आज न वाचलेला सन उद्यां दुसरा कोणी वाचील. अम्लानें खाल्लेला मात्र कोणासच वाचतां येणार नाहीं.