गजालींतला इतिहास

जामसंडे-देवगडपासून खाली तेरेखोलच्या मुखापर्यंत आणि त्याच्या पलीकडे गोव्यातही 'गजाल' हा शब्द सारख्याच आत्मीयतेने उच्चारला जातो. घडलेली गोष्ट, तिच्याविषयीचे मत आणि तिला लावलेले थोडेसे तिखटमीठ, असे सारे त्या एका शब्दात सामावते. इतिहासाच्या अभ्यासकाने गजालीकडे साधन म्हणून पाहावे काय, हा प्रश्न येथे एका मर्यादित क्षेत्रापुरता, म्हणजे फुटबॉलप्रेमींच्या गजालींपुरता, विचारात घ्यावयाचा आहे.

आमच्या जामसंड्याच्या बाजूस मुलांच्या हाती प्रथम येते ती क्रिकेटची बॅट. परंतु हा किनारा फुटबॉलच्या दोन जुन्या केंद्रांच्या मध्ये वसला आहे. उत्तरेस मुंबई आणि दक्षिणेस गोवा. गोव्यात हा खेळ १८८३ साली शिवोली येथे फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या ब्रिटिश धर्मगुरूंनी आणला, असे मानले जाते. मुंबईत १८९१ साली रोव्हर्स चषकाची स्पर्धा सुरू झाली, ती ब्रिटिश लष्करी पथकांसाठी. म्हणजे एका ठिकाणी हा खेळ शाळेच्या अंगणात रुजला आणि दुसऱ्या ठिकाणी छावणीच्या मैदानात. दोन्ही ठिकाणी तो परक्यांचा होता. त्याला आपला केला तो मैदानातील खेळाडूंनी आणि त्यांच्याइतकाच मैदानाबाहेर बोलणाऱ्यांनी.

मुंबईत धोबीतलाव परिसरातील गोवेकरांच्या 'कुडी' प्रसिद्ध आहेत. या कुडींनाही 'क्लब' असेच म्हणत. बोटीवर नोकरी मिळेपर्यंत गावचा माणूस गावच्या क्लबात उतरे. एकाच गावची माणसे एका छपराखाली असत आणि कूपरेजचे मैदान तेथून फार दूर नव्हते. क्लब म्हणजे गाव, हे समीकरण आपल्या लोकांच्या मनात कसे रुजले असेल, याचा उलगडा येथे होतो.

मुंबईच्या कॅल्टेक्स संघाचे नेव्हिल डिसोझा हे त्या काळातील ठळक नाव. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये त्यांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये असा पराक्रम करणारे ते पहिले आशियाई खेळाडू. भारत त्या स्पर्धेत चौथा आला. या विजयाची आकडेवारी कोणत्याही ग्रंथात मिळेल. परंतु ती बातमी ऐकल्यावर कुडीत काय बोलले गेले, हे कोणी टिपून ठेवले नाही.

गोव्यातील मोठे क्लब खाण आणि जहाज व्यवसायातील घराण्यांच्या आश्रयाने वाढले. साळगावकर क्लब १९५६ साली 'विमसन' या नावाने सुरू झाला. डेंपोने १९७८ साली रोव्हर्स चषक जिंकला. १९९८-९९ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकणारा साळगावकर हा गोव्याचा पहिला संघ ठरला, तर आर्मांदो कुलासो यांच्या मार्गदर्शनाखाली डेंपोने पुढे पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळविले. क्लबाच्या नावात मालकाचे आडनाव, आणि तरीही बोलणारा म्हणतो, 'आमचो क्लब'. हा 'आमचो' मालवणीत आणि कोंकणीत एकच आहे. कायद्याने क्लब एकाचा आणि जिव्हाळ्याने हजारोंचा, हा या इतिहासातील मूळ पेच होय.

जुन्या खेळाडूंच्या आठवणी हा गजालींचा दुसरा धागा. गोलरक्षक ब्रह्मानंद शंखवाळकर यांचे नाव निघाल्याशिवाय गोव्यातील जाणत्यांची बैठक पुरी होत नाही. १९८३-८४ ची संतोष करंडक स्पर्धा गोव्याने एकही गोल न स्वीकारता जिंकली. तेव्हापासून प्रत्येक नव्या गोलरक्षकाला त्याच मापाने मोजले जाते. दुसरी आठवण दुःखाची आहे. ५ डिसेंबर २००४ रोजी बंगळूर येथे फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यात डेंपोचा ब्राझिलियन खेळाडू क्रिस्तियानो ज्युनियर याने दोन गोल केले आणि त्याच सामन्यात मैदानावर कोसळून त्याचा मृत्यू झाला. क्लबाने त्याचा १० क्रमांकाचा सदरा पुढे कोणाला दिला नाही. दूर देशाहून आलेला तो तरुण गजालींतून गोव्याचाच झाला.

तिसरा धागा चालू घडामोडींचा. चळवळीच्या, निवडणुकीच्या, सरकारच्या गोष्टी फुटबॉलच्या बैठकीत का निघाव्यात, असे एखाद्यास वाटेल. परंतु ज्या क्लबांचा पैसा खाणींतून येतो, त्यांच्या पाठीराख्यांना २०१२ ची खाणबंदी ही मैदानाबाहेरची बातमी कशी वाटावी? मुंबईचा महिंद्र युनायटेड हा २००५-०६ चा राष्ट्रीय विजेता. २०१० मध्ये तो संघ बंद झाला. नव्या इंडियन सुपर लीगला अग्रस्थान देण्याच्या योजनेचा निषेध म्हणून २०१६ साली साळगावकर, डेंपो आणि स्पोर्टिंग क्लुब द गोवा या तिघांनी आय-लीगमधून माघार घेतली. डेंपो २०२४-२५ च्या हंगामात परतला. त्याच हंगामाचे विजेतेपद चर्चिल ब्रदर्सकडे की इंटर काशीकडे, हा वाद स्वित्झर्लंडमधील क्रीडा लवादापर्यंत गेला आणि जुलै २०२५ मध्ये निकाल काशीच्या बाजूने लागला. यांतील एकाही निर्णयात पाठीराख्यांस मत नव्हते. त्यांच्या हाती बोलणे तेवढे होते, आणि ते त्यांनी सोडले नाही.

गजाल जशीच्या तशी स्वीकारावी, असे मात्र म्हणता येणार नाही. तिच्यात वर्षे सरकतात, वीस यार्डांचा फटका चाळीस यार्डांचा होतो आणि पराभवाचा दोष नेहमी पंचाच्या माथी जातो. तारखा व निकाल कागदाशी ताडून पाहिलेच पाहिजेत. परंतु कागदाचीही एक मर्यादा आहे. क्लबाचे दप्तर मालकाचा ठराव सांगेल, वर्तमानपत्र निकाल सांगेल; ठराव झाल्यावर रविवारी मैदानाकडे जाणारी पावले कोठे वळली, हे दोन्ही सांगणार नाहीत.

आमच्या चर्चच्या नोंदवह्यांत पिढ्यानपिढ्यांचे बाप्तिस्मे, विवाह आणि मृत्यू सापडतात. त्या नोंदींमुळेच सामान्य माणसाचे नाव इतिहासात उरले. मैदानाच्या कडेला आयुष्य घालविलेल्यांसाठी अशी वही कोणी ठेवलेली नाही. १९८३-८४ चे यश तरुणपणी अनुभवलेली पिढी आज साठीच्या पुढे आहे. तिच्या गजाली नातवंडांनी, शिक्षकांनी, वाचनालयांनी आताच लिहून घ्याव्यात. सांगणाऱ्याचे नाव, गाव आणि तारीख घालून घ्याव्यात. तसे झाले नाही तर पुढील अभ्यासकास क्लबांचा इतिहास म्हणून मालकांचा इतिहास तेवढा हाती लागेल, आणि 'आमचो' म्हणणारे कोण होते, हे विचारण्यास कोणीही उरणार नाही.