फुलपाखरे आणि चतुर कुठे शोधावेत? लालबाग परिसरासाठी ऋतुनिहाय माहिती

गॅलरीतल्या कढीपत्त्याची पाने कुरतडलेली दिसली की बहुतेक घरांत आधी फवारणीची बाटली हातात येते. फवारण्यापूर्वी पान उलटून पाहा. पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी छोटी तपकिरी-पांढरी अळी किंवा बोटभर हिरवी अळी आढळली, तर ती लाइम बटरफ्लाय किंवा कॉमन मॉरमॉन या फुलपाखराची असण्याची शक्यता जास्त. लालबागसारख्या दाट वस्तीत फुलपाखरू शोधण्याची पहिली जागा हीच आहे. उडणाऱ्या फुलपाखरामागे धावण्यापेक्षा त्याच्या अळीचे खाद्यझाड ओळखावे.

खाद्यझाडे आणि त्यांवरील फुलपाखरे

- कढीपत्ता, लिंबू, बेल: लाइम बटरफ्लाय, कॉमन मॉरमॉन. डिवचल्यास अळी डोक्यामागून नारिंगी-लाल दुहेरी शिंग बाहेर काढते व उग्र वास येतो. ती चावत नाही.
- रुई: प्लेन टायगर. अळीवर काळे, पांढरे व पिवळे पट्टे. रुईच्या चिकातील विषारी द्रव्ये अंगात साठवल्याने पक्षी हिला सहसा टाळतात.
- कण्हेर, वड, पिंपळ: कॉमन क्रो. कोष चांदीसारखा चमकतो.
- खोटा अशोक (आसुपालव), सीताफळ: टेल्ड जे. काळ्या पंखांवर हिरवे ठिपके. सोसायटीच्या कुंपणालगत अशोकाची रांग असेल तर कोवळ्या पानांवर अळी शोधावी.
- बहावा, टाकळा: कॉमन एमिग्रंट.
- घोळ: डॅनेड एगफ्लाय. हिची मादी प्लेन टायगरसारखी दिसते. विषारी नसूनही या सोंगामुळे पक्ष्यांपासून बचावते.
- आंबा: कॉमन बॅरन. अळी पानाच्या मधल्या शिरेवर अशी बसते की सहज दिसत नाही.

कोणत्या ऋतूत काय पाहावे?

पावसाळा (जून ते सप्टेंबर): मोकळ्या प्लॉटवर आणि कुंपणाच्या कडेला टाकळा उगवतो. सकाळी पाऊस थांबून ऊन पडले की त्यावर पिवळसर एमिग्रंट घिरट्या घालताना दिसतात. मादी एकेक अंडे घालत जाते; ती पानावर टेकून लगेच उडाली तर त्याच पानावर पाहावे. मैदानातील डबक्यांवर चतुर जमू लागतात.

पावसाळ्याचा शेवट (सप्टेंबर ते नोव्हेंबर): शोधासाठी हा उत्तम काळ. गणपतीच्या सुमारास व त्यानंतर गच्चीच्या उंचीवर पिवळसर चतुरांचे थवे फिरताना दिसतात. हा वाँडरिंग ग्लायडर (पँटाला). याच काळात ते वाऱ्याच्या साथीने हिंदी महासागरावरून पूर्व आफ्रिकेकडे जातात, असे अभ्यासक मानतात. एकदांडी, घाणेरी, सदाफुली या फुलांवर फुलपाखरेही भरपूर असतात.

हिवाळा (डिसेंबर ते फेब्रुवारी): सकाळी नऊनंतर, ऊन चढल्यावर बाहेर पडावे. फुलपाखरे पंख पसरून ऊन घेत बसतात, त्यामुळे निरीक्षण सोपे जाते. आंब्यावर बांडगूळ असेल तर शेंड्यापाशी जेझेबेल शोधावे. पंखांची खालची बाजू पिवळी व कडेला लाल-नारिंगी ठिपके असतात. भिंतीच्या सावलीत वाळक्या पानासारखे काही दिसले तर ते कॉमन इव्हनिंग ब्राउन असू शकते. याची अळी गवत व भाताची पाने खाते.

उन्हाळा (मार्च ते मे): संख्या घटते. सकाळी लवकर, पाणी घातलेल्या कुंड्यांजवळ व दाट सावलीत पाहावे. जास्त पिकलेल्या आंब्याच्या साली ताटलीत ठेवल्यास बॅरन येऊ शकते. साली रोज बदलाव्यात, नाहीतर चिलटे होतात.

चतुर आणि टाचणी कसे ओळखावेत?

चतुर बसताना पंख आडवे पसरतो. टाचणी सडपातळ असते आणि बहुतेक जाती पंख पाठीवर मिटून बसतात. दोघांचीही पिल्ले पाण्यात वाढतात व डासांच्या अळ्या खातात. म्हणून काही जण चतुरांसाठी पिंपात किंवा टबात पाणी साठवून ठेवतात. असे करू नये. डास आठ-दहा दिवसांत तयार होतो. पँटालासारख्या झपाट्याने वाढणाऱ्या चतुरालाही साधारण दीड महिना लागतो. म्हणजे घरच्या पाण्यात चतुराआधी डेंगी-मलेरियाचे डास निघतात. कुंडीखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा कोरड्या कराव्यात. चतुर पाहायचे असतील तर भायखळ्याची राणीची बाग किंवा माहीमजवळचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान गाठावे. राणीची बाग बुधवारी बंद असते.

कढीपत्ता वाचवावा की अळी?

लिंबूवर्गीय रोपवाटिकेत हीच अळी कीड ठरते, कारण कोवळे रोप ती पूर्ण ओरबाडते. घरच्या कुंडीत मात्र दोन्ही साधता येते.

- झाड दोन फुटांपेक्षा लहान असेल तर एक-दोनच अळ्या ठेवाव्यात. बाकीच्या पानासकट उचलून दुसऱ्या मोठ्या कढीपत्त्यावर सोडाव्यात.
- मावा किंवा पिठ्या ढेकूण असल्यास अळ्या नसलेल्या फांद्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवाव्यात. निंबोळी अर्कही फुलपाखराच्या अळीला मारक ठरतो.
- मोठे झाड पाने गेल्याने मरत नाही. अळी कोषात गेल्यावर हलकी छाटणी करून शेणखत द्यावे. नवी फूट येते.
- कोष हलवू नये. उबदार हवेत अंड्यापासून फुलपाखरू होईपर्यंत सुमारे महिना लागतो. कोष काळपट होऊन आतले पंख दिसू लागले की फुलपाखरू लवकरच बाहेर येते. पंख वाळेपर्यंत त्याला हात लावू नये.

नोंद कशी ठेवावी?

तारीख, वेळ, जागा, झाड आणि अंडे, अळी, कोष की फुलपाखरू, एवढे पाच रकाने वहीत पुरेसे आहेत. मोबाइलवर पंखांच्या दोन्ही बाजूंचा फोटो घ्यावा. काहीच दिसले नाही तरी तसे लिहावे. वर्षभरात तुमच्या गल्लीचे स्वतःचे वेळापत्रक तयार होईल, आणि पुढच्या पावसाळ्यात कोणते पान उलटायचे हे आधीच ठाऊक असेल.