चिखलदरा

चिखलदरा : महाराष्ट्राच्या अमरावती जिल्ह्यातील याच नावाच्या तालुक्याचे मुख्य ठिकाण आणि विदर्भातील एकमेव गिरिस्थान. लोकसंख्या सुमारे ५,००० (२०११). सातपुड्याच्या गाविलगड टेकड्यांत, समुद्रसपाटीपासून सु. १,११८ मी. उंचीच्या पठारावर ते वसले असून नागपूरपासून रस्त्याने सु. २३० किमी. दूर आहे. येथील नगरपरिषद १९४८ पासूनची असून ती राज्यातील सर्वांत लहान नगरपरिषदांपैकी एक होय. गावाची ख्याती थंड हवेमुळे पसरली असली, तरी ज्यामुळे हे पठार इतिहासात प्रथम आले तो गाविलगड किल्ला आणि ज्यांच्या वस्तीने हा प्रदेश आजवर भरलेला आहे ते कोरकू लोक, ही दोन्ही येथे येणाऱ्याच्या वेळापत्रकात सहसा मागे पडतात. म्हणून या नोंदीत त्यांना अधिक जागा दिली आहे.

नाव : लोककथेनुसार विराटाच्या घरी अज्ञातवासात असताना भीमाने कीचकाला मारून येथील दरीत फेकले, म्हणून ‘कीचकदरा’ आणि त्यावरून चिखलदरा. भीमाने हात धुतले ते भीमकुंड आणि विराटाची राजधानी ते जवळचे वैराट, अशी याच कथेची आणखी दोन ठिकाणे दाखवली जातात. चिखल आणि दरा या दोन शब्दांचा सरळ अर्थही पावसाळ्यातील येथील वाटांना लागू पडतो.

भूरचना : गाविलगड टेकड्या बेसाल्ट खडकाच्या आहेत. पूर्णेच्या सपाट, काळ्या मातीच्या खोऱ्यातून उत्तरेकडे पाहिले असता त्या एकदम उभ्या राहिलेल्या दिसतात, पण माथ्यावर पोहोचल्यानंतर उत्तरेला त्यांचा उतार दऱ्याखोऱ्यांतून हळूहळू तापीकडे जातो. या रांगेतील सर्वोच्च स्थान वैराट (सु. १,१७७ मी.) चिखलदऱ्याजवळच आहे. टेकड्यांचा माथा हा जलविभाजक असून दक्षिणेकडे वाहणाऱ्या चंद्रभागेसारख्या नद्या पूर्णेला, तर सिपना, गडगा, खापरा, खंडू, डोलार या उत्तरेकडच्या नद्या तापीला मिळतात. दक्षिणेचा उभा कडा आणि उत्तरेचा लांब उतार यांतील हा फरक प्रवाशाला घाट चढताना जाणवतो, आणि गाविलगड किल्ल्यावरील १८०३ च्या लढाईचा निकालही याच फरकाने लावला.

गाविलगड : गावापासून तीनेक किमी.वर असलेल्या या किल्ल्याचे नाव गुरे राखणाऱ्या गवळ्यांवरून पडले असे मानतात. त्यांचा मातीचा गढीवजा कोट येथे आधीपासून असावा. दगडी किल्ला बहमनी सुलतान अहमदशाह वली याने १४२५ मध्ये बांधल्याचे फिरिश्ता या इतिहासकाराने नमूद केले आहे, परंतु ते नवे बांधकाम होते की जुन्याची डागडुजी, याबद्दल एकमत नाही. १४८८ मध्ये वऱ्हाडचा सुभेदार फतहुल्ला इमादउल्मुल्क याने तो भक्कम केला आणि पुढे दोनच वर्षांत त्याने अचलपूर येथे स्वतंत्र इमादशाही स्थापन केली. दिल्ली दरवाजा या किल्ल्याच्या प्रमुख दरवाजावर कोरलेले शिल्प जवळून पाहण्याजोगे आहे : दोन तोंडांचा गंडभेरुंड पक्षी पंख पसरून उभा असून त्याच्या दोन्ही चोचींत आणि पायांच्या नख्यांत हत्ती धरलेले आहेत, आणि त्या पक्ष्यापुढे हत्ती उंदराएवढे वाटावेत अशा प्रमाणात कोरले आहेत. गंडभेरुंड हे विजयनगरच्या परंपरेतील चिन्ह आहे; फतहुल्ला हा मूळचा विजयनगरच्या मुलखातील ब्राह्मण कुळातून आलेला होता, या माहितीशी काही अभ्यासक या शिल्पाचा संबंध जोडतात. इमादशाही १५७४ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीने बुडवली. त्यानंतरच्या काळातील एका बुरुजावर १५७७ चा फार्सी शिलालेख आहे.

१५९८ मध्ये किल्ला मोगलांकडे आला. अकबराचा इतिहासकार अबुल फज्ल याने आईन-इ-अकबरीत या गडाच्या बळकटीची वाखाणणी केली आहे, आणि येथील एका झऱ्यावर शस्त्रांना पाणी पाजतात असेही त्याने नोंदवले आहे. पाते तापवून पाण्यात बुडवून त्याला धार धरण्याइतका कठीणपणा आणणे, म्हणजे पाणी पाजणे. तेव्हा गडावर किंवा गडाच्या आसऱ्याने लोहार-शिकलगारांची वस्ती असली पाहिजे. गडावर देवतलाव, खानतलाव आणि मछली तलाव अशी पाण्याची ठिकाणे आजही दिसतात. पाणी मुबलक असलेला डोंगरी किल्ला उपासमारीने सहसा पडत नाही. गाविलगडही तसा पडला नाही. तो एका सकाळी हल्ल्याने पडला.

अठराव्या शतकात किल्ला नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात आला. दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात, २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अडगाव येथे दुसऱ्या रघूजी भोसल्याच्या आणि शिंद्यांच्या फौजांचा पराभव झाल्यावर उरलेल्या तुकड्यांनी गाविलगडाचा आश्रय घेतला. आर्थर वेलस्ली (पुढे वॉटर्लूचा विजेता ड्यूक ऑफ वेलिंग्टन) याने दक्षिणेकडून लष्कर आणले खरे, पण तिकडच्या कड्याखालून डागलेल्या तोफांचा तटावर परिणाम होण्याजोगा नव्हता. किल्ला पठाराला जोडणारी चिंचोळी खिंड फक्त उत्तरेला, लवाडा गावाच्या बाजूस आहे. म्हणून त्याच्या सोबतच्या कर्नल स्टीव्हन्सनच्या फौजेने अचलपूरहून डोंगरातून सु. ५० किमी.चा वळसा घेतला. वाट नव्हती तेथे सैनिकांनी ती स्वतः तोडली आणि अवजड तोफा हातांनी ओढून उत्तरेच्या पठारावर चढवल्या. १३ डिसेंबरला मारा सुरू झाला, तटाला खिंडार पडले आणि १५ डिसेंबरच्या सकाळी हल्ला झाला. बाहेरचा कोट पडल्यावर आतला तट मात्र शाबूत होता. कॅप्टन कॅम्पबेलच्या तुकडीने दरडीवरून शिड्या लावून तो ओलांडला व आतून दरवाजा उघडला. किल्लेदार बेनीसिंग राजपूत दरवाजात लढताना मारला गेला. हल्ल्यात पुढे असलेला लेफ्टनंट कर्नल केनी यालाही जिवावरची जखम झाली. त्या दिवशी गडावर किती माणसे मारली गेली आणि किल्लेदाराच्या घरातील स्त्रियांचे काय झाले, याविषयीची वर्णने परस्परांशी जुळत नाहीत. उपलब्ध तपशील बहुतांशी इंग्रज सेनाधिकाऱ्यांच्या पत्रव्यवहारातला आहे, गडावरील बाजूची तेवढी सविस्तर हकीकत नाही, हे वाचकाने येथे लक्षात घ्यावे.

दोन दिवसांनी, १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला. त्यात भोसल्यांनी कटक व बालासोर गमावले आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख निजामाकडे गेला. गाविलगड व नरनाळा हे किल्ले मात्र त्यांच्याकडे राहिले आणि १८२२ मध्ये तेही निजामाकडे गेले. १८५३ पासून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांनी घेतला. १८५८ मध्ये तात्या टोपे सातपुडा ओलांडून दख्खनेत उतरेल आणि गडाचा आश्रय घेईल या भीतीने गाविलगडाची तटबंदी मोडून तो निकामी करण्यात आला. आज दिसणारे पडके तट हे केवळ काळाने पाडलेले नसून बरेचसे जाणूनबुजून पाडलेले आहेत.

गिरिस्थान : हैदराबाद पलटणीतील कॅप्टन रॉबिन्सन याने १८२३ मध्ये चिखलदऱ्याचा ‘शोध’ लावला असे बहुतेक मार्गदर्शिकांत छापलेले असते. त्याच्या वीस वर्षे आधी याच डोंगरावर हजारोंची फौज लढली होती आणि गवळी व कोरकू तर त्याच्याही फार पूर्वीपासून येथे होते. तेव्हा या विधानाचा खरा अर्थ, येथे गोऱ्या अधिकाऱ्यांचे बंगले बांधण्यास तेव्हापासून सुरुवात झाली, एवढाच घ्यावा. बंगल्यांच्या आवारांत कॉफीची लागवड झाली. महाराष्ट्रात कॉफी पिकणारे हे एकमेव ठिकाण असल्याचे सांगितले जाते.

पचमढीसारखे चिखलदरा का वाढले नाही, याचे कारण राज्यकारभारात आहे. मध्यप्रांताची उन्हाळी राजधानी पचमढी होती आणि नागपूरचे सरकार उन्हाळ्यात तिकडे जाई. चिखलदरा फक्त वऱ्हाडच्या अधिकाऱ्यांचे राहिले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत पचमढी मध्य प्रदेशात राहिली, विदर्भ मुंबई राज्यात आला आणि त्यामुळे चिखलदरा हे विदर्भाचे एकुलते एक गिरिस्थान ठरले. त्याला ‘विदर्भाचे नंदनवन’ असेही म्हणतात. सिडकोकडे नियोजन आल्यानंतर दोन कड्यांना जोडणारा काचेचा झुलता मार्ग, म्हणजे स्कायवॉक, हा येथील सर्वाधिक चर्चेचा प्रकल्प झाला.

लोक : तालुक्यातील बहुसंख्य वस्ती कोरकूंची आहे. ‘कोर’ म्हणजे माणूस आणि ‘कू’ हा बहुवचनाचा प्रत्यय. कोरकू म्हणजे माणसे. त्यांची भाषा मराठी, हिंदी किंवा गोंडी या कोणाच्याही कुळातली नसून संथाळी व मुंडारी यांच्यासारखी मुंडा गटातली, आणि त्या गटातील सर्वांत पश्चिमेकडची आहे. प्रवाशाला ती पाटीवर वाचायला मिळत नाही, पण नावांतून ती भेटते : सिपना नदीचे नाव कोरकूत सागवानाचे नाव आहे. कोरकू ढाण्यांत, म्हणजे वाड्यांत, घरे समोरासमोर दोन रांगांत असून मधला रस्ता रुंद आणि सारवलेला असतो. मृताच्या स्मरणार्थ सिडोली हा विधी करून सागाचा कोरीव खांब, म्हणजे मुंडा, उभारतात; त्यावर सूर्य, चंद्र आणि घोडेस्वार कोरलेला असतो. असे खांब हे श्रद्धेचे स्थान आहे, फोटोसाठी टेकून उभे राहण्याची जागा नव्हे. होळी हा वर्षातील सर्वांत मोठा सण असून त्या दिवसांत ढोल-बासरीच्या साथीने गदली-सुसून हे नृत्य चालते. गवळी लोक म्हशी पाळतात. दूध आटवून खवा करण्याचा त्यांचा उद्योग जुना असून रस्त्याकडेच्या दुकानांत मोठ्या कढईत सराट्याने दूध सतत हलवत बसलेली माणसे दिसतात. खवा येथून परतवाड्याच्या बाजारात उतरतो.

१९९० च्या दशकापासून, चिखलदरा ज्या प्रदेशात येते त्या मेळघाटाचे नाव बालमृत्यू आणि कुपोषणाच्या बातम्यांतून राज्यभर माहीत झाले. आकड्यांबाबत शासन व स्वयंसेवी संस्था यांच्यात वाद होत आले आहेत. दुर्गमता, पावसाळ्यात तुटणारे रस्ते व कामासाठी होणारे स्थलांतर ही कारणे दोघांनाही मान्य आहेत.

वन्यजीवन : मेळघाट व्याघ्रप्रकल्प १९७४ मध्ये स्थापन झाला; व्याघ्रप्रकल्प योजनेतील देशातील पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी तो एक आणि महाराष्ट्रातील पहिला होय. गाभा क्षेत्रातील कोहा, कुंड, बोरी, वैराट, चुर्णी, पस्तलाई इत्यादी गावांचे पुनर्वसन झाले आहे. त्यामुळे महाभारतकथेतील वैराट आता निर्मनुष्य आहे. येथे वाघ, रानगवा, अस्वल, सांबर, रानकुत्रा आणि पक्ष्यांत दुर्मीळ रानपिंगळा आढळतो.

प्रवास : बाहेरून विमानाने येणारा प्रवासी बहुधा नागपूरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळावर उतरतो. या विमानतळालगतच मिहान हा बहुविध वाहतूक व मालवाहतूक केंद्राचा प्रकल्प आहे. मिहानच्या बाजूने निघाल्यास शिवमडका येथे समृद्धी महामार्ग लागतो. त्याचा नागपूर-शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. या महामार्गाने अथवा कोंढाळी, तळेगाव, तिवसा या जुन्या रस्त्याने अमरावती गाठता येते. तेथून परतवाडा सु. ५० किमी. आणि पुढे घाटाचा रस्ता सु. ३० किमी. घाट दोन आहेत : धामणगाव गढीकडून चढणारा आणि घटांगकडून येणारा, जाताना एक व येताना दुसरा धरल्यास दक्षिणेचा कडा आणि उत्तरेचे जंगल दोन्ही पाहून होतात. २०२५ मध्ये अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरूनही मुंबईची विमानसेवा सुरू झाली. अचलपूर-मूर्तिजापूर ही ‘शकुंतला’ नावाने परिचित अरुंदमापी रेल्वे बंद असल्याने रेल्वेने येणाऱ्यास बडनेरा किंवा अमरावती येथे उतरावे लागते. एस. टी. बस परतवाड्याहून मिळते.

प्रेक्षणीय स्थळे : भीमकुंड, देवी पॉइंट, पंचबोल, मोझरी, हरिकेन, प्रॉस्पेक्ट, शक्कर तलाव, कालापाणी तलाव इत्यादी.

हवामान : पाऊस पायथ्याच्या मैदानापेक्षा बराच अधिक पडतो. जुलै ते सप्टेंबर या काळात दऱ्या ढगांनी भरलेल्या असतात व धबधबे वाहतात, मात्र दृश्य क्षणाक्षणाला झाकले जाते. गडाची रचना आणि लवाड्याकडची खिंड स्पष्ट पाहायची असेल तर नोव्हेंबर-डिसेंबर हा काळ योग्य, आणि वेढ्याचेही दिवस तेच होते. पावसाळ्यातील शनिवार-रविवारी घाटात वाहनांची कोंडी होते.

गाविलगड हे केंद्रीय पुरातत्त्व खात्याचे संरक्षित स्मारक असून सभोवती व्याघ्रप्रकल्पाचे जंगल असल्याने सायंकाळपूर्वी तेथून परतावे. सकाळी येऊन सर्व ‘पॉइंट’ मोजून सायंकाळी घाट उतरणाऱ्याला चिखलदरा दिसत नाही. येथे निदान दोन रात्री मुक्काम करावा आणि त्यांपैकी एक संपूर्ण दिवस, पाण्याची बाटली व जाड तळाचे जोडे घेऊन, गडासाठी राखावा.