भुकटीच्या युगातले ओतीव सोलापूर

१८७७ मध्ये ‘जुनी गिरणी’ म्हणून ओळखली जाणारी कापडगिरणी सुरू झाली आणि सोलापूर कापडासाठी नावाजले. १९९२ मध्ये स्थापन झालेल्या ‘प्रिसिजन कॅमशाफ्ट्स’ने या गिरणगावाला मोटारींच्या इंजिनातही स्थान दिले. या कंपनीचे कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनाच्या झडपा उघडणारे दांडे, प्रामुख्याने वितळलेले लोखंड ओतून घडले. साच्यात बसवलेल्या धातूच्या तुकड्यांमुळे दांड्यावरच्या उंचवट्यांजवळचा, म्हणजे लोबजवळचा, रस झपाट्याने गोठतो, आणि जिथे झीज सर्वाधिक तिथेच कठीण पृष्ठभाग तयार होतो.

यावर आक्षेप असा, की ओतकाम जुने झाले; धातूची भुकटी दाबून, वितळणबिंदूखाली तापवून केलेले सुटे लोब पोलादी नळीवर बसवले, तर शाफ्ट हलका होतो आणि धातूही कमी वाया जातो. हे खरेच आहे. पण भुकटी डायमध्ये, म्हणजे दाबण्याच्या साच्यात, सर्वत्र सारखी दाबली जात नाही, म्हणून लांब शाफ्ट एकसंध दाबता येत नाही. लोब वेगळे करून जोडावे लागतात. शिवाय महागड्या डायचा खर्च मोठ्या उत्पादनातच भरून निघतो. ओतकामात मात्र शाफ्ट आणि लोब एकाच वेळी आकार घेतात. म्हणून सोलापूरचे ओतकाम हे मागासलेपण नव्हे. तंत्राची योग्यता त्याच्या वयावरून ठरवू नये. वस्तूचा आकार, तिच्यावरचा भार आणि मागणी यांवरून ठरवावी.